मोटारीच्या ब्रेकचा मुख्य सिलिंडर : त्याचें कार्य व निगा

मालेगावाहून सोयाबीन अथवा तूर भरून अकोल्याच्या बाजारास निघालेल्या गाडीस मेडशी सोडल्यावर पातूरचा घाट उतरावा लागतो. इंजिन बिघडलें तर गाडी घरून निघत नाहीं. फार तर त्या दिवसाचा बाजार चुकतो. परंतु भरल्या गाडीचा ब्रेक उतारावर लागला नाहीं, तर माल, गाडी व माणसें या तिहींवर एकदमच संकट ओढवतें. असें असूनही इंजिनाच्या वंगणाची चौकशी करणारे पुष्कळ, आणि ब्रेकच्या तेलाची डबी उघडून पाहणारे थोडे. म्हणून या यंत्राची माहिती येथें देत आहों.

कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्व बाजूंस सारखाच पोंचतो, हा नियम फ्रेंच पंडित ब्लेझ पास्कल यानें सतराव्या शतकांत सांगितला. त्याच्या आधारें १९२१ सालीं अमेरिकेंत ड्यूसेनबर्ग गाडीच्या चारही चाकांस तेलाच्या दाबाचे ब्रेक बसविले गेले. समजा, पायानें पेडलावर २० किलो जोर दिला व पेडलाच्या तरफेनें तो पांचपट झाला, तर दट्ट्यावर १०० किलो जोर येतो. दट्ट्याचें क्षेत्र ४ चौरस सेंटिमीटर असल्यास दर चौरस सेंटिमीटरास २५ किलो दाब उत्पन्न होतो. चाकाजवळील दट्ट्या ८ चौरस सेंटिमीटरांचा असेल, तर तेथें २०० किलो जोर मिळतो.

मुख्य सिलिंडर म्हणजे फवारणीच्या पंपाचा सख्खा भाऊच होय. पंपांत जसा वायसर, तशी येथें दट्ट्याच्या तोंडाशीं रबरी वाटी असते. पेडल दाबतांच ही वाटी टाकीकडील बारीक भोंकाच्या पुढें सरकते, तेलाची मागील वाट बंद होते, आणि कोंडलेलें तेल नळ्यांतून चाकांकडे दाब नेतें. पाय उचलला कीं स्प्रिंग दट्ट्यास मागें आणते, भोंक मोकळें होतें, व तापून फुगलेलें तेल टाकींत परत जातें. हें भोंक गाळानें बुजलें, अथवा पेडलाची दांडी वाजवीपेक्षां लांब बसविली गेली, तर ब्रेक पुरता सुटत नाहीं व चाकें तापतात. हल्लींच्या गाड्यांत एकापुढें एक असे दोन दट्ट्ये असतात. एका बाजूची नळी फुटली तरी दुसरी बाजू काम देते. मात्र पेडल बरेंच खालीं जातें. हा इशारा समजून गाडी तेथेंच थांबवावी.

ब्रेकचें सामान्य तेल हें ग्लायकोल जातीचें असतें. पावसाळ्यांत उघडा गूळ जसा ओल धरतो, तसें तेंही हवेंतील पाणी ओढून घेतें. डॉट ३ जातीचें नवें तेल निदान २०५ अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळत नाहीं. डॉट ४ जातीचें २३० अंशांपर्यंत. परंतु सुमारें पावणेचार टक्के पाणी शिरतां ही मर्यादा अनुक्रमें १४० व १५५ अंशांपर्यंत उतरूं शकते. घाटांत सतत ब्रेक दाबल्यानें असें तेल उकळून त्याची वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल रिकामें जातें. शिवाय पाण्यानें सिलिंडर आंतून गंजून रबर कापलें जातें. म्हणून तेल दर दोन वर्षांनीं बदलावें, उघडी राहिलेली डबी वापरूं नये, व घाट खालच्या गिअरमध्यें उतरावा.

परीक्षा सोपी आहे. सपाट जागीं इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट नेटानें दाबून धरावें. इंजिन सुरू होतांना तें किंचित खालीं जाणें साहजिक आहे. परंतु दाबून धरलेलें पेडल हळूहळू खचत गेलें आणि बाहेर कोठेंही गळती नसली, तर मुख्य सिलिंडराच्या वाट्या झिजल्या असें समजावें. पेडल स्पंजासारखें लागलें तर नळ्यांत हवा आहे. टाकींतील तेल उतरलें, तर तें अस्तराच्या झिजेमुळें असेल किंवा गळतीमुळें. तेव्हां नुसती भर न घालतां चाकें, नळ्या व सिलिंडराची मागील बाजू तपासावी.

टाकी भरतांना झांकण प्रथम पुसावें. गाडीच्या पुस्तकांत सांगितलेलेंच तेल घालावें. इंजिनाचें तेल, डिझेल वा रॉकेल यांचा थेंबही या सिलिंडरांत जाऊं देऊं नये. त्यानें रबर फुगतें व सर्व वाट्या निकामी होतात. कित्येक ट्रॅक्टरांच्या ब्रेकास निराळें तेल लागतें, तेव्हां एकाची डबी दुसऱ्यास लावूं नये. सिलिंडराच्या आंत चरे पडले असल्यास केवळ रबर बदलून भागत नाहीं. सबंध सिलिंडरच नवा घालावा, आणि नंतर नळ्यांतील हवा पूर्ण काढावी.

वाटेंत पेडल एकाएकीं खालीं गेलेंच, तर घाबरून न जातां तें भराभर दाबावें, गिअर उतरवावा व हातब्रेक हळूहळू ओढावा. परंतु ही पाळी येऊं न देणें हेंच शहाणपणाचें. हंगामाचा माल भरण्यापूर्वीं दोन घटका या तपासणीस द्याव्या. वर्षाची मेहनत त्याच गाडीवर लादलेली असते.