हळदीचा कागद, साबणाचं पाणी आणि थोडं गप्प बसणं

"घरी मुलांबरोबर करता येईल असं काहीतरी सुचव ना. थोडं आर्ट, थोडं सायन्स." लहान मुलं स्वतःहून कशी शिकतात या विषयावर पीएचडी करायला लागल्यापासून हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. विचारणाऱ्याला यादी हवी असते, आणि याद्या इंटरनेटवर पोत्याने आहेत. सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी, बाटलीतलं वादळ, पाण्यावरचे रंग, हवं ते शोधा. पण माझ्या विषयातले शोधनिबंध वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. प्रयोग कोणता निवडला, यापेक्षा तो करताना मोठी माणसं काय बोलतात आणि कधी बोलतात, याने जास्त फरक पडतो.

म्हणून आज यादी नाही. एकच प्रयोग, आणि तो करताना उपयोगी पडतील असे चार अभ्यास.

आधी कागद तयार करू

साहित्य घरातलंच आहे: दोन चमचे हळद, जाडसर पांढरे कागद, ब्रश किंवा इअरबड, आणि वाट्यांमध्ये थोडे थोडे वेगवेगळे द्राव. एकीत कपड्यांच्या साबणाचं पाणी, एकीत लिंबाचा रस, एकीत मिठाचं पाणी, एकीत खाण्याच्या सोड्याचं पाणी, आणि एकीत पाण्यात कालवलेला शाम्पू. ही शेवटची वाटी विसरू नका, तिचं काम पुढे आहे.

हळद कोमट पाण्यात कालवून कागदावर फासा आणि सावलीत वाळवा. हळदीतला पिवळा रंग, म्हणजे कर्क्युमिन, पाण्यात फारसा विरघळत नाही, त्यामुळे कागद थोडा चरचरीत होतो. एकसारखा रंग हवा असेल तर मेडिकलमध्ये मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये हळद ढवळा, गाळ खाली बसू द्या आणि वरचा द्राव लावा. मात्र स्पिरिट पेट घेतं. हे काम मोठ्यांनीच, गॅसपासून लांब आणि खिडकी उघडी ठेवून करायचं.

आता वाळलेल्या पिवळ्या कागदावर साबणाच्या पाण्याने रेघ मारली की ती लालसर, विटकरी उमटते. त्याच रेघेवर लिंबू लावलं की ती पुन्हा पिवळी होते. म्हणजे साबण हा रंग आणि लिंबू हे खोडरबर! चित्र काढायला एवढं पुरेसं आहे.

यामागचं कारण तुमच्यासाठी सांगून ठेवते, मुलांना सांगायची घाई करू नका. साबण हा आम्लारीधर्मी असतो. आम्लारी कर्क्युमिनच्या रेणूतला एक प्रोटॉन काढून घेते, मग तो रेणू वेगळ्या रंगाचा प्रकाश शोषायला लागतो आणि आपल्याला लाल दिसतो. लिंबाचं आम्ल तो प्रोटॉन परत देतं. आमटी सांडलेल्या पांढऱ्या शर्टाला साबण लावला की डाग लाल होतो तो याचमुळे. पारंपरिक पद्धतीचं कुंकूही हळदीवर चुन्यासारख्या आम्लारीची प्रक्रिया करूनच बनतं.

"बघ हं, मी दाखवते" याची किंमत

आपल्यापैकी बहुतेक जण इथे काय करतील? मुलाला समोर बसवून म्हणतील, "बघ हं, साबण लावला की लाल होतं. आता तू कर." मूल करतं, लाल होतं, टाळ्या वाजतात आणि पाच मिनिटांत खेळ संपतो.

एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली नेमकं हेच तपासलं. त्यांनी नळ्या जोडून एक विचित्र खेळणं बनवलं. त्यात चार करामती दडवल्या होत्या. एक नळी ओढली की चूं असा आवाज यायचा. दुसरीकडे दिवा लागायचा, तिसरीकडे सूर वाजायचे आणि एका नळीत आरसा होता. शाळेत जायच्या आधीच्या वयाच्या काही मुलांना प्रयोगकर्तीने सांगितलं, "हे माझं खेळणं, कसं चालतं ते दाखवते," आणि फक्त आवाजाची नळी ओढून दाखवली. दुसऱ्या काही मुलांसमोर तिने आपल्याला खेळणं आत्ताच सापडलंय असं भासवलं आणि नळी जणू चुकून ओढली गेली. काहींना काहीच दाखवलं नाही. मग खेळणं मुलांच्या हातात दिलं.

ज्यांना रीतसर शिकवलं होतं ती मुलं कमी वेळ खेळली आणि बाकीच्या करामती त्यांना कमी सापडल्या. ती आवाजाचीच नळी ओढत बसली.

मला या अभ्यासातला सर्वांत आवडलेला भाग वेगळा आहे. आणखी एका गटात प्रयोगकर्तीने तसंच रीतसर दाखवलं, पण दाखवून होताच "अरे, मला एक काम आठवलं" असं म्हणून ती उठून गेली. या गटातल्या मुलांनी मात्र खेळणं भरपूर उलटंपालटं करून पाहिलं. म्हणजे शिकवलेली मुलं नुसती आज्ञाधारक किंवा आळशी होती असं नाही. त्यांचा तर्क चोख होता. माहीतगार माणसाने नीट बसून एकच गोष्ट दाखवली, तर दाखवण्यासारखी एकच असणार. दुसरं काही असतं तर ते दाखवलं नसतं का? पण दाखवणं अर्धवट राहिलं की हा तर्क लागू पडत नाही, आणि मूल स्वतः शोधायला लागतं.

आता हे हळदीच्या कागदाला लावून बघा. वाट्या मांडा, ब्रश द्या आणि म्हणा, "मी पण बघते काय होतंय ते." मग एक वाटी कांदा चिरायला घ्या! पहिली लाल रेघ मुलाच्या हातून उमटू दे.

संशोधकांनी शिकवण्याला दुधारी शस्त्र म्हटलंय, वाईट म्हटलेलं नाही. दाखवलेली गोष्ट मुलं पटकन आणि नेमकी शिकतात. म्हणून जिथे नेमकेपणा हवा तिथे दाखवायचंच. कात्री कशी धरायची, वाटीतलं काही तोंडात घालायचं नाही, साबणाचा हात डोळ्याला लावायचा नाही, हे स्पष्ट सांगा, दोनदा सांगा. पानाचा चुना या प्रयोगात लगेच लाल रंग देतो, पण तो डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. तो मुलांच्या हाती देऊच नका.

शाम्पूची वाटी कशाला?

साबणाने लाल होतं हे कळल्यावर मूल बहुतेक पुढच्या फेसाळ वाटीकडे वळेल. शाम्पूलाही फेस येतो, वास येतो, तोही साबणच ना? पण बहुतेक शाम्पूंनी हळद लाल होत नाही, कारण ते उदासीन किंवा किंचित आम्लधर्मी असतात. इथे मुलाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

असा गोंधळ मुद्दाम ठेवावा, यालाही आधार आहे. शुल्झ आणि बोनाविट्झ यांनी २००७ मध्ये मुलांना दोन दांडे असलेली एक पेटी दिली. काही मुलांसमोर दोन्ही दांडे एकदम दाबले गेले आणि पेटीतून दोन खेळणी एकदम वर आली. कोणत्या दांड्याने कोणतं खेळणं वर येतं हे कळायला मार्ग नव्हता. बाकीच्यांसमोर दांडे एकेक करून दाबले, सगळं स्वच्छ कळलं. मग शेजारी एक नवी कोरी पेटी ठेवली. ज्यांना सगळं कळलं होतं ती मुलं नव्या पेटीकडे गेली. ज्यांचं कोडं सुटलं नव्हतं, ती जुन्या पेटीशीच जास्त वेळ खेळत राहिली. मुलांना नवीन वस्तू आवडते हे खरंच, पण न सुटलेलं कोडं त्याहून जास्त ओढतं.

म्हणून मूल "याने का नाही झालं?" असं विचारतं तेव्हा "तो आम्लधर्मी असतो रे" हे उत्तर गिळून टाका. त्याऐवजी विचारा, "मग अजून कशाकशाने होईल असं वाटतं?" टूथपेस्ट, राखेचं पाणी, चिंचेचा कोळ, ताक, अंगाचा साबण, घरात वाट्या भरायला काही कमी नाही. उत्तर मागून द्यायचंच आहे. फक्त मुलाने स्वतःचे दोन-चार अंदाज बांधून, त्यातला एखादा चुकलेला पाहून झाल्यावर द्या. मग ते उत्तर कुठे ठेवायचं हे त्याला कळतं.

चॉकलेट आणि प्रमाणपत्र

चित्रकलेच्या बाबतीत आपण दुसरीच गोष्ट करतो. "छान काढलंस तर चॉकलेट." किंवा चित्र पूर्ण होण्याआधीच मोबाइल काढून, "नीट काढ, आजीला पाठवायचंय."

मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ चा अभ्यास आमच्या विषयात अभिजात समजला जातो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतल्या, मुळातच चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांचे त्यांनी तीन गट केले. पहिल्या गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काहीच न सांगता चित्र झाल्यावर अचानक तेच प्रमाणपत्र दिलं. तिसऱ्याला काही दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा रंगीत पेनं ठेवली, कोणतंही बक्षीस नव्हतं. पहिल्या गटातली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. शिवाय बक्षिसासाठी काढलेली चित्रं, कोणती कुणाची हे माहीत नसलेल्या परीक्षकांना कमी चांगली वाटली होती.

अचानक मिळालेल्या प्रमाणपत्राने असं काही नुकसान झालं नाही, हे लक्षात घ्या. म्हणजे कौतुक करू नये असं कोणी म्हणत नाहीये. जे मूल आपणहून, आवडीने करतंय, त्याला आधीच भाव ठरवून देऊ नये. चित्र झाल्यावर आजीला पाठवायला काहीच हरकत नाही.

"शास्त्रज्ञ होऊ या" की "करून बघू या"?

चौथा अभ्यास मुलींच्या आईबाबांसाठी खास. मार्जोरी रोड्स आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये लहान मुलांना विज्ञानाचा एक खेळ दिला. काहींना म्हटलं, "चला, आज आपण शास्त्रज्ञ होऊ." काहींना म्हटलं, "चला, आज आपण विज्ञान करू." ज्या मुलींनी दुसरं वाक्य ऐकलं होतं, त्या खेळात जास्त चिकाटीने टिकल्या. "शास्त्रज्ञ" म्हटलं की एक विशिष्ट माणूस डोळ्यांसमोर येतो आणि मुलीला आपण त्यात बसत नाही असं वाटू शकतं. "करणं" मात्र कुणालाही जमतं.

हा अभ्यास इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवर झाला. वर सांगितलेले बाकीचे तीनही अमेरिकेतलेच आहेत, तेव्हा आकडे जसेच्या तसे आपल्या घराला लावू नका. पण मराठीत आपण नाहीतरी सहज म्हणतो, "करून बघू या." ते म्हणायला काही खर्च नाही.

उरलेल्या कागदाचं काय करायचं?

हळदीचा एक कागद अंधारात वाळवून ठेवा, शक्यतो स्पिरिटवाला. त्यावर एखादं छान आकाराचं पान ठेवा, वर काच ठेवा आणि सगळं कडक उन्हात काही तास राहू द्या. हळदीचा रंग उन्हात विटतो, कपड्यावरचा डाग उन्हात जातो तसाच. पानाखालचा भाग मात्र पिवळाच राहतो. पान उचललं की त्याचं चित्र मिळतं. वरून सोड्याचं पाणी हलकेच फिरवलं की ते आणखी गडद होतं. वनस्पतींच्या रंगांवर सूर्यप्रकाशाने छायाचित्रं उमटवण्याचे प्रयोग जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये प्रसिद्ध केले होते. त्या पद्धतीला अँथोटाइप म्हणतात.

महागड्या "सायन्स किट"ची गरज नाही हे आपल्याकडे फार पूर्वीच करून दाखवलेलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालशिक्षणाचं काम केलं ते आसपास मिळणारी पानं, बिया, शंख-शिंपले वापरून. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी बनवली.

वस्तू स्वस्त आहेत. महाग आहे तो आपला धीर. शाळेचा "प्रोजेक्ट" रात्री दहा वाजता आईच्याच हातून पूर्ण होतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला शेरा मिळतो. त्यातून मूल एक गोष्ट पक्की शिकतं: शोधणं आणि बनवणं हे मोठ्यांचं काम आहे, आपलं काम ते नीट घेऊन जायचं. हळदीच्या कागदावर शेरा मिळणार नाही, तो कुठे जमाही करायचा नाही. त्यामुळे निदान तिथे तरी गबाळी रेघ, चुकलेला अंदाज आणि फरशीवरचे पिवळे ठसे चालवून घ्या. फरशी साबणाने पुसाल तेव्हा ठसे लाल होतील. तेही मुलालाच आधी दिसू द्या.