माणूस उचलणारं यंत्र

पक्षाघात झालेले वडील किंवा मणक्याला मार लागलेला तरुण मुलगा घरात अंथरुणाला खिळला, की दिवसातून चार-सहा वेळा एकच प्रश्न उभा राहतो : यांना कॉटवरून खुर्चीत कसं न्यायचं? बहुतेक घरांतलं उत्तर ठरलेलं असतं. एकानं काखेत हात घालायचे, दुसऱ्यानं पाय धरायचे आणि 'एक, दोन, तीन' म्हणायचं! फिजिओथेरपिस्ट म्हणून नाशिकमध्ये घरोघरी जाताना मी पाहते, की काही महिन्यांत रुग्णाच्या जोडीनं त्यांच्या पत्नीची किंवा सुनेचीही कंबर धरलेली असते. शिवाय पक्षाघातानं लुळा पडलेला खांदा असा ओढल्यानं दुखावतो, ते वेगळंच. ब्रिटनमध्ये १९९२ साली कामाच्या जागी ओझी उचलण्याबाबत नियम झाले. इजा होण्याचा धोका असेल, तर हातानं उचलणं शक्यतो टाळावं, असं ते सांगतात. रुग्णाला उचलणंही त्यात येतं.

यावरचा उपाय म्हणजे विजेवरची पेशंट लिफ्ट. काही जण ती विकत घेतात, काही भाड्यानं आणतात. चाकांवर उभा खांब, त्याला वर-खाली होणारा आडवा दांडा, दांड्याच्या टोकाला आकड्यांची पट्टी आणि त्या आकड्यांत अडकवायची कापडी झोळी, एवढाच तिचा पसारा. रिमोटचं बटण दाबलं, की बॅटरीवर चालणारी मोटर दांडा उचलते. वीज गेली तरी काम अडत नाही. अर्थात बॅटरी आधी चार्ज केलेली असली तर!

झोळी आपल्याला नवी नाही. पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवरून आजाऱ्याला डोलीतून रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या आपण वाचतो. डोली वाहणाऱ्याला तोल ढळला की खांद्यावर कळतं. यंत्राला ते कळत नाही, म्हणून आपल्याला डोळे उघडे ठेवावे लागतात.

घरच्यांना सगळ्यांत चमत्कारिक वाटते ती चाकांची गोष्ट. माणूस उचलायचा म्हटल्यावर पहिल्यांदा लिफ्टच्या चाकांना ब्रेक लावावासा वाटतो. बहुतेक लिफ्टच्या बाबतीत हे उलट आहे. हापशाचा दांडा आठवा. तो सरळ वर जात नाही, कमानीत फिरतो. लिफ्टचा दांडाही तसाच. तो वर जाताना झोळीचं टोक थोडं पुढे-मागे सरकतं. चाकं मोकळी असली, तर लिफ्ट आपोआप सरकून वजनाच्या खाली येते. चाकं अडवली, तर रुग्ण तिरपा ओढला जातो आणि लिफ्ट कलंडू शकते. म्हणून उचलताना ब्रेक कॉटला आणि व्हीलचेअरला लावायचा, लिफ्टला नाही. तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत वेगळं सांगितलं असेल, तर मात्र पुस्तिकेचंच ऐकायचं.

लिफ्टचे खालचे दोन पाय उचलताना पूर्ण फाकवलेले हवेत. ते कॉटखाली जावे लागतात. आपल्याकडच्या पेटीच्या दिवाणाखाली जागाच नसते, मग हजारो रुपयांचं यंत्र कोपऱ्यात कपडे वाळवायला उभं राहतं! आणण्यापूर्वी कॉटखालची उंची मोजा. सिडकोतल्या छोट्या खोलीत ती वळेल का, तेही पाहा. जुन्या नाशकातल्या वाड्याचा उंबरा झोळीतल्या माणसासकट ओलांडायचा विचारही करू नका. लिफ्ट कॉटवरून शेजारच्या खुर्चीत बसवण्यासाठी आहे; पुढचा प्रवास व्हीलचेअरनं.

झोळी रुग्णाच्या मापाची हवी. लहान झाली तर मांड्यांना काचते, मोठी झाली तर माणूस त्यातून घसरतो. यंत्रावर आणि झोळीवर किती किलो चालतात ते लिहिलेलं असतं. दोन्हींतला कमी आकडा खरा मानायचा. दोन्ही बाजूंचे पट्टे सारख्याच रंगाच्या फासात अडकवायचे, नाहीतर रुग्ण एका कुशीवर झुकतो. मग दोन इंच उचलून थांबायचं. चारही फास आकड्यांत नीट बसलेत ना, हे पाहूनच पुढे जायचं. हे दोघांचं काम आहे : एकाच्या हाती रिमोट, दुसऱ्याचा हात रुग्णाजवळ.

एक आग्रह मी प्रत्येक घरी धरते. रुग्णाआधी घरातल्या धडधाकट मुलानं स्वतः झोळीत बसून पाहावं. पाय जमिनीवरून सुटले, की पोटात गोळा येतो. आबा ओरडतात ते हट्टानं नव्हे, हे मग सांगावं लागत नाही. त्याच वेळी तातडीनं थांबवण्याचं लाल बटण आणि मोटर बंद पडल्यास दांडा खाली आणण्याची सोय, दोन्ही वापरून पाहावीत. नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

खुर्चीत बसवल्यावर पट्टे सैल होतात आणि आकड्यांची ती पट्टी मोकळी झुलते, नेमकी कपाळाच्या उंचीवर. तिच्यावर एक हात ठेवूनच फास काढा. झोळीची घडी घालतानाच शिवण आणि फास उसवले नाहीत ना, ते पाहून ठेवा. सकाळच्या घाईत ते राहून जातं.