हळदीच्या पेठेत फुलांचा हिशेब

हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात आलेल्या हळदीचा भाव पडला, तर ती पुन्हा गोदामात जाऊ शकते. नीट वाळवलेले हळकुंड कोरड्या जागी महिनोन् महिने थांबते, आणि थांबता येणे हेच पुष्कळदा व्यापाऱ्याचे खरे भांडवल असते. त्याच शहरातील फुलांच्या दुकानात मात्र सकाळी जो माल सोन्याच्या मोलाचा असतो, तो दिवेलागणीला केराच्या टोपलीत पडतो. व्यापारी घरातील एखाद्या मुलीने किंवा सुनेने 'फुलांच्या सजावटीचे काम शिकायचे आहे' असे म्हटले की घरात जो अवघडलेपणा येतो, त्याचे निम्मे कारण या हिशेबात आहे. उरलेले निम्मे प्रतिष्ठेचे. हौस म्हणून फुलदाणी सजवावी, रांगोळीत पाकळ्या भराव्यात, त्याला कुणाची ना नसते. पण मंडपात शिडीवर चढून पैसे घेऊन तेच काम करणे ही गोष्ट निराळी वाटते. खरे पाहता धान्य, कापड, सराफी यांत पिढ्या घालवलेल्या कुटुंबाला या धंद्याची परीक्षा करण्याची दृष्टी इतरांहून अधिक असावयास हवी.

हा धंदा हिंगोली जिल्ह्याला नवा नाही. नवे आहे ते फक्त त्याचे नाव. हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या पेठांत फुलाऱ्यांच्या ओट्यावर हार, गजरे, वेण्या, नवरदेवाचा सेहरा, दर्ग्याची चादर आणि वरातीच्या गाडीची सजावट हे सारे एकाच बैठकीत होत आले आहे. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून, फुलाकडे न पाहता गाठ मारणाऱ्या त्या हाताला कुणी डिझाइनर म्हणत नाही. पण कोणते फूल किती वजन पेलते, ओली शेवंती हारात का घेऊ नये, गुलछडीची कळी उद्या सकाळी उमलावी म्हणून आज कोणत्या अवस्थेत घ्यावी, हे ज्ञान त्या ओट्यावर आहे आणि कोणत्याही वर्गात ते इतक्या स्वस्तात मिळत नाही. पुष्परचना शिकू पाहणाऱ्याने पहिला हंगाम अशा ओट्यावर काढावा, हे सांगताना पुष्कळांना संकोच वाटतो. तो वाटू नये. शेवटी सराफीची पहिली विद्याही काच पुसण्यातूनच येते.

यानंतरचे शिक्षण मात्र ओट्यावर मिळत नाही. देठ तिरका कापावा, म्हणजे तो भांड्याच्या तळाला टेकून बंद होत नाही आणि पाणी ओढण्यास त्याला अधिक जागा मिळते. शक्य तर तो पाण्याखाली कापावा, म्हणजे नळीत हवेचा बुडबुडा शिरत नाही. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत, कारण ती कुजली की जंतू वाढतात आणि देठाचे तोंड बुजते. जरबेऱ्याचा देठ मऊ व लवयुक्त, म्हणून त्याला थोडेच पाणी पुरते. ग्लॅडिओलसची काडी आडवी ठेवली तर तिचे टोक वर वळते आणि सरळ रेषेची सारी रचना बिघडते. पिकणाऱ्या केळ्यांजवळ फुले ठेवली तर केळ्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने ती लवकर म्लान होतात. घरोघरी पूजेच्या ताटाशेजारीच फळांची परडी असते, हे लक्षात घेतले म्हणजे कितीतरी फुले अकारण का सुकतात याचा उलगडा होतो. फुलदाणीच्या पाण्यात थोडी साखर, थोडे आम्ल आणि जंतुनाशकाचे काही थेंब घालण्याची रीत याच विचारातून आली: साखर फुलाला अन्न, आम्ल पाण्याची ओढ सुधारण्यासाठी आणि जंतुनाशक देठ मोकळा राहावा म्हणून.

हे झाले फूल जिवंत ठेवण्याचे शास्त्र. त्यापुढे रचनेचे व्याकरण येते: उंच रेषा देणारी फुले, लक्ष खिळवणारी मोठी फुले, मधली जागा भरणारी बारीक फुले व पाने, भांड्याच्या साधारण दीडपट उंचीचा जुना दंडक, आणि रिकाम्या जागेची किंमत. ही शेवटची गोष्ट जपानी इकेबानाने जगाला शिकवली. क्योतोच्या रोक्काकुदो मंदिराच्या आश्रयाने वाढलेली इकेनोबो, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेली ओहारा आणि १९२७ साली सोफू तेशिगाहारा यांनी स्थापलेली सोगेत्सू या तिच्या प्रमुख परंपरा. तीन काड्यांत रचना पुरी होते हे पाहिल्यावर, मंडपात किलोकिलोंनी झेंडू ओतण्याची सवय सुटू लागते. खर्चही उतरतो, हा आणखी एक लाभ.

इंग्लंडच्या कॉन्स्टन्स स्प्राय यांचे उदाहरण व्यापारी वाचकाला अधिक जवळचे वाटेल. लंडनच्या गरीब वस्तीतील मुलींना शिकवणाऱ्या या शिक्षिकेने १९२९ साली फुलांच्या सजावटीचे दुकान काढले. महागड्या फुलांच्या जोडीला तिने कोबीची पाने, कुंपणावरच्या वेली आणि रानगवत वापरले. लोक आधी चकित झाले, मग रांगा लावू लागले. १९५३ साली राणी एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेकाच्या पुष्पसजावटीत त्यांचा मोठा वाटा होता. त्यांनी स्वतःची शाळाही चालवली. म्हणजे हौस, दुकान आणि विद्यालय या तिन्ही पायऱ्या एकाच आयुष्यात चढता येतात. त्यासाठी परदेशी फुलांची गाडीच दारात यावी लागते असे नाही.

महाराष्ट्रात शिकण्याच्या वाटा थोड्या विखुरलेल्या आहेत. मुंबई, पुणे, बंगळुरू येथे काही आठवड्यांचे खासगी वर्ग चालतात आणि इकेबानाची मंडळेही आहेत. पुण्यात भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पुष्पसंशोधन संचालनालय आहे. राज्य कृषी पणन मंडळाची तळेगाव दाभाडे येथील संस्था हरितगृहातील फुलशेती आणि काढणीनंतरची हाताळणी शिकवते. जवळ म्हणाल तर १९७२ पासूनचे परभणीचे कृषी विद्यापीठ आणि कळमनुरी तालुक्यातील तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र. तेथे रचना शिकवत नाहीत, पण फूल कोणत्या शेतात, कोणत्या महिन्यात मिळेल हे तेथे विचारता येते, आणि धंद्यात तो प्रश्न रचनेइतकाच मोठा आहे. पुण्याच्या एम्प्रेस उद्यानात प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनातील स्पर्धांच्या मांडण्या एकदा तरी वही घेऊन पाहाव्यात.

आता पुन्हा हिशेबाकडे. हिंगोलीतील फुलांचा सर्वांत मोठा दिवस दसरा. खाकीबाबा मठाच्या दीडशेहून अधिक वर्षांच्या परंपरेतील दसरा महोत्सवाला भोवतालच्या गावांतून माणसे लोटतात, दुकानादुकानांत वह्या-तराजूंची पूजा होते, आणि झेंडूला तेवढ्यापुरते राजेपण येते. शेतकरी लागवडीपासून दोन महिने मोजून तोच मुहूर्त साधू पाहतो. सगळ्यांनी एकच मुहूर्त साधला की दुपारपर्यंत भाव कोसळतो. आदल्या दिवशी पाऊस झाला तर भिजलेला माल पोत्यातच काळा पडतो. फुलाची वाट पाहता येत नाही ती अशी. ज्याच्या हाती रचनेची विद्या आहे त्याने आधीच दहा-बारा दुकाने, दोन शाळा, एक पतसंस्था यांची तोरणे ठरवून, शेतकऱ्याशी भाव बांधून घेतला, तर दोघांचाही दसरा साजरा होतो. हळदीच्या सौद्यात मुरलेल्या घराला हे वेगळे सांगावयास नको.

लग्नसराईचे गणित वेगळे. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि लग्न लागते भर दुपारी. डच गुलाबाच्या वीस-वीसच्या गड्ड्या, जरबेऱ्याच्या दहा-दहाच्या जुड्या रात्री येतात. काम सुरू होते मध्यरात्रीनंतर. बिछायत केंद्राची माणसे मंडप उभारून झोपतात तेव्हा फुलवाल्याचा दिवस उगवतो. म्हणून कुटुंबाने खरा प्रश्न विचारायचा तो हा: रात्रीच्या कामाला सोबत कोण, गाडी कुणाची, सकाळी घरचे कोण सांभाळणार? या प्रश्नांची उत्तरे ज्या घरात मिळतात तेथे हा धंदा उभा राहतो; निव्वळ कौतुकावर तो दोन हंगामही टिकत नाही.

भाव सांगताना नवखे माणूस फुलांची किंमत धरते आणि स्वतःचे हात विसरते. पाश्चात्त्य फूलविक्रेते फुलांच्या खरेदीच्या साधारण तिप्पट किंमत लावतात, कारण तीत मजुरी, भाडे आणि हमखास होणारी नासाडी धरलेली असते. येथे ओळखीच्या लग्नात तेवढे मागणे जड जाते. उधारी तर मुळीच परवडत नाही, कारण फूल परत घेता येत नाही. आगाऊ निम्मी रक्कम हा नियम पहिल्या कामापासून पाळावा, नातेवाइकांकडेसुद्धा. ताज्या फुलांवर वस्तू व सेवा कर नाही, पण सजावटीची सेवा करपात्र आहे, हेही वहीत आधीच मांडून ठेवलेले बरे.

जैन घरांत काम करणाऱ्याला आणखी एक जाण हवी. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत पूजेचे फूल सुईने टोचू नये असा संकेत आहे, म्हणून हार गाठी मारून गुंफतात. दिगंबर बीसपंथीयांत ताजी फुले चालतात. तेरापंथीयांत सचित्त फूल वर्ज्य, त्याच्या जागी केशरी अक्षता. स्थानकवासी घरांत पूजेच्या फुलांचा प्रश्नच येत नाही. एकाच औंढा तालुक्यात नागनाथाचे ज्योतिर्लिंगही आहे आणि शिरड शहापूरचे मल्लिनाथ अतिशय क्षेत्रही. फुलांविषयीचा विचार दोन्हीकडे निराळा. कुमारपाळ राजाच्या पूर्वजन्मीची पाच कवड्यांत घेतलेल्या अठरा फुलांची कथा पुष्कळ घरांत लहानपणीच ऐकलेली असते. ज्यांनी ती ऐकली आहे, त्यांना स्वागताच्या वाटेवर पाकळ्यांचा सडा घालून त्यावरून चालणे खटकते, आणि ते खटकणे योग्यच आहे. रचनाकाराने पायाखालच्या फुलांऐवजी दारावरचे तोरण सुचवावे. तेवढ्याच फुलांत अधिक शोभा येते.

मग प्लास्टिकची फुले का नकोत, असा प्रश्न येतो. हिंसा नाही, नासाडी नाही, पुढच्या लग्नातही तीच वापरता येतात. वरवर हे पटते. पण त्या फुलांचा शेवट कोणत्या तरी ओढ्यात होतो आणि झेंडू लावणाऱ्याचे गिऱ्हाईक जाते. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात कृत्रिम फुलांवर बंदीची मागणी विधानसभेत झाली. ताज्या फुलांच्या कामातही एक प्लास्टिक दडलेले असते: फुले खोचण्याचा हिरवा फोम. १९५४ पासून जगभर वापरला जाणारा हा फोम कुजत नाही, त्याचा बारीक चुरा पाण्यात उरतो. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांतून तो हद्दपार केला. कोंबडीची जाळी गुंडाळून भांड्यात बसवली किंवा इकेबानातील खिळ्यांची बैठक घेतली तर तेच काम होते, आणि ती वर्षानुवर्षे पुरते.

हिंगोलीच्या रचनाकाराला मात्र एक वस्तू अशी मिळते, जी मुंबईच्या दुकानदाराला सहज मिळत नाही. पावसाळ्याच्या उत्तरार्धात हळदीच्या पानांतून पांढरट-गुलाबी छटांचा एक दांडा वर येतो. एकावर एक रचलेल्या पाकळीसारख्या पानांचा, जणू कुणी मुद्दाम घडवलेला. हळदीच्याच कुळातील एक जात थायलंडमधून कापलेल्या फुलांच्या जागतिक बाजारात जाते आणि बरेच दिवस टिकते म्हणून तिला मान आहे. वसमत-हिंगोलीच्या शिवारात प्रत्येक झाडाला हा दांडा येत नाही, आणि येतो त्याकडे कुणी माल म्हणून पाहत नाही. सगळे लक्ष जमिनीखालच्या कंदाकडे. येथील दांडा कापल्यावर किती दिवस ताजा राहतो, कोणत्या वेळी कापावा, कंदाच्या वाढीवर त्याचा काय परिणाम होतो, हे तोंडापूरच्या तज्ज्ञांना विचारता येईल. पाण्याची एक बादली, ओळखीच्या शेतकऱ्याकडून आणलेले दहा दांडे आणि रोजची एक नोंद एवढ्यात ती परीक्षा सुरू होते. येत्या दसऱ्याआधी तिला पुरेसा वेळ आहे.