पगार सोडणाऱ्यांच्या देशातून

उत्रेख्त, नेदरलँड्स

नेदरलँड्सची लोकसंख्या १ कोटी ८० लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या विदर्भाहूनही कमी. एवढ्या लोकांत बारा लाखांहून अधिक माणसं अशी आहेत, की त्यांच्या डोक्यावर साहेब नाही आणि हाताखाली नोकरही नाही. इथल्या बोलीत त्यांना ‘झेडझेडपी’ म्हणतात, म्हणजे एकट्याच्या बळावर धंदा करणारा. फरशी बसवणारे, पियानो शिकवणाऱ्या बाई, रुग्णाच्या घरी जाणाऱ्या परिचारिका, संगणकाची कामं घेणारे, बागा राखणारे, भाषांतर करणारे असे सगळे त्यात येतात. त्यांतल्या कित्येकांनी पक्की नोकरी सोडलेली असते आणि त्यासाठी त्यांना कोणी वेड्यात काढत नाही.

रिसोडहून माझा मामेभाऊ फोनवर विचारतो, “ताई, तिकडं माणूस पक्की नोकरी सोडते, तं घरचे काही म्हणत नाहीत का?”

२०२३ सालच्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते आणि खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराला अर्जामागे १,००० रुपये भरावे लागले होते. त्या अर्जांत याचाही एक होता. खरं तर त्याच्या हातात मोटार रिवाइंडिंगचं उत्तम कसब आहे. रब्बीत व्होल्टेज पडलं की शेतातल्या मोटारी जळतात आणि हरभऱ्याचं पाणी अडतं. मग जळकी तार कापून काढायची, खाचा घासून साफ करायच्या, नव्या तांब्याच्या तारेचे वेढे मोजून घालायचे, वार्निश द्यायचं, असं करत हा पोरगा रात्र जागतो आणि सकाळी मोटार सुरू करून देतो. तरी तो स्वतःला बेकार म्हणवतो. सोयरिकीच्या बोलण्यात ‘मुलगा काय करतो’ असं विचारलं की घरचे ‘स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो’ असं सांगतात, वाइंडिंगचं नावही काढत नाहीत. आजचं पत्र त्याच्यासाठी आणि वाशिम, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोऱ्याच्या अभ्यासिकांत बसलेल्या त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी आहे.

आमच्या इमारतीत एक फरशीवाला राहतो. बरीच वर्षं तो एका बांधकाम कंपनीत पगारावर होता, आता स्वतःची व्हॅन घेऊन फिरतो. आमच्या न्हाणीघराचं काम त्यानेच केलं, तेव्हा त्याची पद्धत जवळून पाहिली. फरशी बसवून झाली की दुसऱ्या दिवशी तो गुडघ्यावर बसून एकेक फरशी बोटाच्या पेराने वाजवतो. आवाज पोकळ आला की खाली मसाला नीट भरलेला नाही. अशा दोन फरश्या त्याने आमच्यादेखत उपसल्या आणि पुन्हा बसवल्या. कंपनीत दिवसाचे चौरस मीटर ठरलेले असत, पोकळ फरशीसाठी थांबायला वेळच नसे, असं तो म्हणाला. नोकरी का सोडली, याचं त्याचं पहिलं कारण हे होतं. पैशांचं नंतर आलं. बुधवारी इथल्या बऱ्याच प्राथमिक शाळा दुपारी सुटतात, म्हणून बुधवारी दुपारनंतरचं काम तो घेत नाही, मुलीबरोबर असतो. ज्या गिऱ्हाइकाशी पटणार नाही त्याला सरळ नाही म्हणतो. अंदाजपत्रक स्वतः लिहितो आणि त्यात स्वतःच्या सुट्ट्यांचे, आजारपणाचे, म्हातारपणाचे पैसे धरतो. आपल्याकडचे कारागीर मजुरी सांगताना आजच्या दिवसापुरतीच सांगतात. ही एक गोष्ट तरी त्याच्याकडून उचलण्यासारखी आहे.

धंदा सुरू करणं इथे फार सोपं आहे. वेळ ठरवून व्यापार मंडळाच्या कचेरीत जायचं, ओळखपत्र दाखवायचं, काय काम करणार ते सांगायचं, एकदाच साधारण ८० युरो भरायचे आणि नोंदणी क्रमांक घेऊन बाहेर पडायचं. कराचा क्रमांक टपालाने घरी येतो. मग दर तीन महिन्यांनी विक्रीकराचं विवरण. वर्षाला किमान १,२२५ तास आपण धंद्याला दिले असं दाखवता आलं, तर प्राप्तिकरात वेगळी वजावट मिळते. नोकरी गेलेल्या माणसाने बेकारभत्ता घेत असताना धंदा काढायचं ठरवलं, तर परवानगी घेऊन सहा महिने त्याचा भत्ता २९ टक्के कमी केला जातो, आणि त्या काळातली धंद्याची कमाई मात्र सगळी त्याची. नोकरीतून धंद्याकडे यायला इथे असा पायरस्ता बांधलेला आहे.

भारतातून आलेल्या बायकांना याचा मोठा उपयोग होतो. नवरा तज्ज्ञ कामगार म्हणून आलेला असेल, तर बायकोच्या निवासपत्रावर तिला कोणतंही काम करायची मोकळीक असते, त्यात स्वतःचा धंदाही आला. म्हणून इथे मराठी बायकांचे शिकवणीवर्ग, नृत्यवर्ग, हिशेब लिहिण्याची कामं, पुरणपोळी-चकलीचे व्यवसाय दिसतात. घरच्या स्वयंपाकघरातून विकायचं असलं तरी अन्नतपासणी खात्याकडे नोंदणी करावी लागते आणि स्वच्छतेचे नियम कंपनीला तेच या बायकांना. माहेरी नोकरी करणाऱ्या कितीतरी जणी इथे येऊन पहिल्यांदाच स्वतःच्या नावाचं बिल फाडतात. ते बिल फाडताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते मी पाहिलं आहे आणि ते पगाराच्या चिठ्ठीने येत नाही.

पण सोपी नोंदणी हे खरं कारण नव्हे. आपल्याकडेही १ जुलै २०२० पासून ‘उद्यम’ नोंदणी फुकट आहे, मोबाइलवर होते. मुद्रा कर्ज २०१५ पासून आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या प्रकल्पाला खर्चाच्या २५ ते ३५ टक्के अनुदान मिळतं. जिल्हा उद्योग केंद्र वाशिमलाही आहे. तरी पोरं अर्ज तलाठ्याचाच भरतात, आणि मला त्यात त्यांची चूक दिसत नाही.

फरशीवाल्याने नोकरी सोडली तेव्हा त्याचं काय काय सुटलं, हे पाहिलं म्हणजे फरक कळतो. दवाखान्याचा विमा सुटला नाही, कारण इथला मूळ आरोग्य विमा नोकरीला बांधलेलाच नाही. प्रत्येकाने तो घ्यायचा, महिन्याला साधारण दीडशे युरो भरायचे, आणि आजारी आहेस किंवा म्हातारा आहेस म्हणून विमा कंपनी कोणाला नाकारू शकत नाही. कमाई थोडी असेल तर हप्त्यासाठी सरकार मदत देतं. मुलांना अठरा वर्षांपर्यंत हप्ता नाही. म्हातारपणाचं सरकारी निवृत्तिवेतनही सुटलं नाही. या देशात राहिलेल्या प्रत्येक वर्षामागे त्याचे दोन टक्के जमा होत जातात, पन्नास वर्षं राहिला तर पूर्ण, मग तो कारकून असो, शेतकरी असो की फरशीवाला. कंपनीचं वरचं निवृत्तिवेतन गेलं, भरपगारी सुट्टी गेली, पण पोटाला आणि औषधाला लागणारा तळ पायाखालून हलला नाही.

आता आपल्याकडे पाहा. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातले सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले होते, आठवडाभर कचेऱ्या ओस होत्या. त्या वेळी मामेभाऊ एवढंच म्हणाला होता, की ज्यांच्याजवळ काहीतरी आहे ते जास्तीसाठी भांडून राहिले, आपल्याला तं त्यातलं काहीच नाही. नोकरीबरोबर आपल्या समाजात पेन्शन, उपचार, कर्ज, सोयरीक आणि मान एकगठ्ठा मिळतो. तो गठ्ठा सोडून धंदा कर, असं विशीतल्या पोराला सांगणारे पुढारी आणि प्रेरणादायी वक्ते स्वतः त्याच्या पाठीशी काय उभं करतात?

इथलं सगळंच आलबेल आहे असं मात्र समजू नये. मालकांनी या स्वातंत्र्याचा गैरफायदाही घेतला. जेवण पोचवणाऱ्या डिलिव्हरू कंपनीने आपल्या सायकलस्वारांना स्वतंत्र व्यावसायिक म्हणून दाखवलं होतं. कामगार संघटना कोर्टात गेली आणि २४ मार्च २०२३ रोजी इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते नोकरच आहेत असा निकाल दिला. अशा खोट्या स्वयंरोजगारावर १ जानेवारी २०२५ पासून करखात्याने पुन्हा कारवाई सुरू केली आहे. स्वतंत्र व्यावसायिकांची ती खास वजावटही सरकार उतरवत आणत आहे. २०२० साली ७,०३० युरो होती, २०२५ साली २,४७० झाली, २०२७ साली ९०० राहील. कामाची वेळ, दर आणि पद्धत यांतलं काहीच ज्याच्या हाती नाही, त्याला मालक म्हणणं ही फसवणूक आहे, आणि आपल्या शहरांत ॲपवर गाड्या चालवणाऱ्या पोरांनाही हे लागू पडतं.

आणि एक मोठी उणीव आहे. इथल्या पगारदाराला आजारपणात मालक दोन वर्षांपर्यंत किमान ७० टक्के पगार देतो. धंदेवाल्याला असं कोणी देत नाही. पूर्वी त्यांच्यासाठी सरकारी अपंगत्व विमा होता, तो २००४ साली बंद झाला. खासगी विमा महाग, त्यामुळे पुष्कळ जण तो घेतच नाहीत. मग या लोकांनी आपापसांत एक सोय केली. तिचं नाव ब्रोटफोंड्स, म्हणजे भाकरीचा निधी. २००६ साली हे सुरू झालं, आज असे शेकडो गट देशभर आहेत. आमचा फरशीवाला एका गटात आहे आणि सांगायला आनंद वाटतो, की मीही आहे.

भिशी चालवणाऱ्या कोणालाही हे पटकन समजेल. गटात कमीत कमी २० आणि जास्तीत जास्त ५० माणसं असतात. कोणाच्या तरी ओळखीशिवाय आत घेत नाहीत. दर महिन्याला प्रत्येकाने ठरलेली रक्कम बाजूला टाकायची, पण ती पैशांची पेटी एकाच्या हातात नसते. प्रत्येकाचं स्वतःच्या नावाचं वेगळं खातं असतं. कोणी आजारी पडलं, एक महिना उलटूनही उभं राहता आलं नाही, की बाकीच्यांच्या खात्यांतून थोडे थोडे पैसे त्याच्याकडे जातात, दोन वर्षांपर्यंत. पन्नास जणांच्या गटात महिना १,५०० युरो द्यायचे तर प्रत्येकाचे जातात साधारण ३० युरो. गट सोडला तर आपल्या खात्यात उरलेले पैसे आपले. वर्षातून काही वेळा सगळे एकत्र बसतात, एकमेकांचे धंदे माहीत करून घेतात. पन्नासच्या वर माणसं घेत नाहीत, कारण त्यापुढे चेहरे ओळखीचे राहत नाहीत आणि मग कोणी आजाराचं सोंग केलं तरी कळत नाही. आमच्या गटातल्या एका सुतारकाम करणाऱ्या बाईंचा खांदा निकामी झाला तेव्हा त्यांना गिऱ्हाइकं सांभाळायला, अवजारं न विकता राहायला आणि पुन्हा उभं राहायला या पैशांनी वेळ दिला.

वाशिम जिल्ह्याला हे अशक्य आहे का? महात्मा फुले जनआरोग्य योजना आता राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी आहे, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. म्हणजे दवाखान्याचा खर्च बराचसा भागतो. अटल पेन्शन योजनेत प्राप्तिकर न भरणारा माणूस अठरा ते चाळीस वयात शिरला तर साठीनंतर महिना १,००० ते ५,००० रुपये मिळतात. रक्कम थोडी आहे, पण काहीच नसण्यापेक्षा बरी. भोक राहतं ते मधल्या दिवसांचं. वेल्डरच्या डोळ्याला इजा झाली, शिवणकाम करणाऱ्या बाईंची कंबर धरली, वाइंडिंगवाल्याचा हात मोडला, तर दुकान बंद आणि सावकार हजर. दोन महिन्यांच्या आजारपणात दहा वर्षांचा धंदा बुडतो, आणि घरचे म्हणतात, बघ, म्हणून नोकरी पाहिजे होती.

‘उमेद’च्या महिला बचत गटांनी हिशेब, बैठक आणि परतफेडीची शिस्त आपल्या गावागावांत रुजवली आहे. कारागीर पुरुषांत तसे गट क्वचितच दिसतात. पंचवीस जणांचा गट धरा. आजारी माणसाला महिन्याला १०,००० रुपये द्यायचे ठरले, तर बाकी प्रत्येकाचे जातील साधारण ४०० रुपये. शेलूबाजारच्या आठवडी बाजारात बसणाऱ्या कारागिराला ही रक्कम जड आहे, पण आवाक्याबाहेर नाही. पैसा एका पुढाऱ्याच्या हाती किंवा एकाच खात्यात मात्र जाऊ देऊ नका. गोळा करून पळालेल्यांचे अनुभव आपल्या जिल्ह्याला कमी नाहीत, आणि अनियंत्रित ठेवींवर २०१९ पासून कायद्याने बंदी आहे. प्रत्येकाचं बँकखातं प्रत्येकाच्याच नावावर राहिलं पाहिजे आणि सुरुवातीलाच एखाद्या चार्टर्ड अकाउंटंटला विचारून घेतलं पाहिजे.

मामेभावाला मी सांगितलं, तलाठ्याची परीक्षा द्यायची तर दे, पण दुकानाची पाटी आधी लाव, उद्यम नोंदणी कर, आणि बिलात मजुरीबरोबर आजारपणाचेही पैसे धर. त्याच्या ओळखीत वाइंडिंग, वेल्डिंग, प्लंबिंग, शिलाई करणारे वीस जण सहज निघतील. जिल्ह्यात आणखी कोणाला असा गट बांधायचा असेल, तर आमच्या गटाच्या नियमांचा मराठी मसुदा मी करून देईन. संपादकांकडे नाव आणि गाव कळवा, तो तुमच्यापर्यंत पोचेल.