अनुभवाची नवी वतनदारी

पदवी परीक्षांचे निकाल लागतात, घरोघर पेढे वाटून होतात, आणि वाणिज्य शाखेच्या नव्या पदवीधरांचा जाहिराती चाळण्याचा उद्योग सुरू होतो. या जाहिरातींचा मजकूर आता पाठ होण्याइतका परिचयाचा झाला आहे. हिशेबनीस पाहिजे, वाणिज्य पदवीधर असावा, संगणकावरील जमाखर्चाचे ज्ञान आवश्यक, अनुभव किमान दोन वर्षे. कालपरवापर्यंत वर्गात बसलेल्या मुलाने वा मुलीने हा दोन वर्षांचा अनुभव आणावा कोठून, याचे उत्तर मात्र त्या जाहिरातीत नसते. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, अशी एक म्हण आपल्याकडे आहे. आमच्या तरुण हिशेबनीसांची अवस्था याहून निराळी नाही. नोकरीवाचून अनुभव नाही आणि अनुभवावाचून नोकरी नाही.

बाजार तेजीत असतो तेव्हा हे कोडे आपोआप सुटते. काम वाढते, जुने हात अपुरे पडतात, आणि मालक नाइलाजाने का होईना, दोन नवखी माणसे घेऊन त्यांना शिकवतो. मंदीत याच्या नेमके उलट घडते. एके ठिकाणी कामावरून कमी झालेला दहा वर्षांचा जाणकार दुसऱ्या ठिकाणी नवख्याच्या पगारावर काम करावयास तयार होतो. म्हणजे नव्या पदवीधराची स्पर्धा आपल्या वर्गबंधूंशी राहत नाही. ती आपल्या वडिलांच्या वयाच्या माणसांशी होते. त्यात तो हरला तर नवल नाही. आश्चर्य वाटावे ते याचे की, या हरण्याला आपण त्याची नालायकी समजतो.

गोव्यापुरते पाहू. येथील हिशेबाच्या नोकऱ्यांचा मोठा आधार खाणधंदा हा होता. खनिज खाणीतून निघून मुरगाव बंदरात पोहोचेपर्यंत त्याची नोंद किती वह्यांत होत असे, याचा विचार केला म्हणजे हे लक्षात येईल. खाणीचे कार्यालय, ट्रकमालक, बार्जमालक, गॅरेज, पेट्रोलपंप, सुट्या भागांचे दुकान, कामगारांना उधारीवर माल देणारा गावातील वाणी, या प्रत्येकाकडे हिशेब लिहिणारा कोणी ना कोणी लागे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. पुन्हा चालू झाल्या. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन मार्च २०१८ पासून पुन्हा बंद पडल्या. बेकायदा व्यवहारांना पायबंद घालणे आवश्यकच होते, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु ट्रक उभा राहिला की त्याच्यामागे वहीही मिटते, हे विसरता येत नाही. त्यानंतर लिलावाच्या मार्गाने काही खाणी सुरू होऊ लागल्या, तरी तुटलेली साखळी एका दिवसात जुळत नाही. २०२० च्या महामारीने हॉटेले ओस पाडली. ज्या सहकारी बँकांत वाणिज्य पदवीधराला पहिली खुर्ची मिळे, त्यांपैकी म्हापसा अर्बनचा परवाना २०२० मध्ये, तर मडगाव अर्बनचा २०२१ मध्ये रद्द झाला. पहिल्या नोकरीची अशी एकेक दारे मिटत गेली.

मालकवर्गाची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि लहान व्यापाऱ्याचे पंचांगच पालटले. सात तारखेच्या आत कापलेला आयकर भरावयाचा, अकरापर्यंत विक्रीचे विवरण द्यावयाचे, पंधरापर्यंत भविष्यनिर्वाह निधीचा भरणा, विसापर्यंत कराचे मुख्य विवरण. तारीख चुकली की विलंबशुल्क आणि व्याज. खरेदीची नोंद जुळली नाही की कराची वजावट अडकली. ज्याच्याकडे हिशेबाचे एकच टेबल आहे, त्याने त्या टेबलावर नवख्याला बसवण्यास भ्यावे, हे समजण्यासारखे आहे. पण सगळेच असे भिऊ लागले तर पाच वर्षांनी अनुभवी माणूस येणार कोठून? प्रत्येकाला पिकलेला आंबा हवा आहे. झाड लावण्याची जबाबदारी मात्र शेजाऱ्याची!

या चर्चेत २०१८ सालच्या एका परीक्षेचा दाखला हमखास दिला जातो. गोव्याच्या लेखा संचालनालयाने लेखापालांच्या ८० जागांसाठी त्या वर्षीच्या जानेवारीत परीक्षा घेतली. सुमारे ८,००० उमेदवार बसले. १०० पैकी किमान ५० गुण मिळवण्याची अट होती. ऑगस्टमध्ये निकाल लागला तो असा की, एकही उमेदवार त्या रेषेपर्यंत पोहोचला नाही. तेव्हा अनेकांनी तरुण पिढीच्या नावाने बोटे मोडली. आम्हांस या निकालाचा अर्थ वेगळा दिसतो. शंभरांतील दहा नापास झाले तर दोष त्या दहांचा असू शकेल. आठ हजारांतील एकही उत्तीर्ण होत नाही, तेव्हा प्रश्न मुलांपुरता राहत नाही. तो शिक्षणाचा, परीक्षेचा आणि या दोहोंमधल्या दरीचा होतो. तीन वर्षे नावे आणि जमा यांचे नियम घोकलेल्या विद्यार्थ्याच्या हाती एकही खरी पावती पडलेली नसते. बँकेचे विवरण आणि रोकडवही यांत तफावत का पडते, न वटलेला धनादेश कोठे दाखवावा, हे त्याने पाहिलेले असते ते पुस्तकातल्या गणितात. तिथे उत्तर शेवटच्या पानावर छापलेले असते. खऱ्या वहीला शेवटचे पान नसते.

वैद्यकाच्या विद्यार्थ्याला एक वर्ष रुग्णालयात काम केल्याशिवाय व्यवसायाची परवानगी मिळत नाही. सनदी लेखापाल होऊ पाहणाऱ्याला जाणत्या लेखापालाच्या हाताखाली काम करावेच लागते. ही मुदत पूर्वी तीन वर्षांची होती, २०२३ च्या नव्या रचनेत ती दोन वर्षांची झाली. म्हणजे हिशेबाच्या धंद्यातील वरच्या पायरीवर ज्ञान आणि काम यांची सांगड कधीच घातली गेली आहे. खालच्या पायरीवरच्या साध्या वाणिज्य पदवीधराला मात्र प्रमाणपत्र हातात देऊन रस्त्यावर सोडून दिले जाते.

आपल्या परंपरेत अशी सोय नव्हती असे नाही. आज ‘उमेदवार’ म्हटले की निवडणुकीला उभा राहिलेला इसम डोळ्यांपुढे येतो. पण उमेद म्हणजे आशा, आणि कचेरीत वा पेढीवर आशेने काम शिकत राहणारा तो उमेदवार. बेरजा तपासणे, कीर्दीवरून खतावणी उतरणे, सायंकाळी गल्ल्यातील शिल्लक मोजून वहीशी ताडून पाहणे, अशा कामांत त्याचे दिवस जात. आणि हळूहळू तेरीज व ताळेबंदापर्यंत त्याची मजल जाई. त्यालाच उमेदवारी करणे म्हणत. या प्रथेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. पुष्कळदा ती बिनपगारी असे, नात्यागोत्याच्या आणि जातीच्या कुंपणात चाले, आणि स्त्रियांना तर तिचे दारच नव्हते. पण एक गोष्ट त्या व्यवस्थेने मान्य केली होती: हिशेबनीस घडवावा लागतो, तो तयार मिळत नाही.

दौलतीच्या जमाखर्चावर नजर ठेवण्याचे फडणिशीचे काम नाना फडणविसांकडे आले ते १७५६ साली, वडिलांच्या निधनानंतर. तेव्हा त्यांचे वय जेमतेम चौदा वर्षांचे होते. आजच्या जाहिरातीची अट लावली असती तर त्यांचा अर्ज पहिल्याच चाळणीत बाद झाला असता. अर्थात फडणिशी त्यांच्या घराण्यात चालत आलेली होती, दप्तर घरचे होते आणि शिकवणारी वडीलधारी माणसेही घरचीच होती. आमचा मुद्दा येथेच आहे. वतने गेली असे आपण म्हणतो, परंतु अनुभवाची अट ही एक नवी वतनदारीच होऊन बसली आहे. ज्याच्या काकांचे कर-सल्लागाराचे कार्यालय आहे, ज्याच्या मामाचे घाऊक दुकान आहे, त्याला शिकत असतानाच दोन वर्षांचा अनुभव मिळतो. सत्तरीच्या वा काणकोणच्या एखाद्या गावातून पहाटेच्या बसने कॉलेजात जाणाऱ्या, वडिलांचा ट्रक उभा असलेल्या मुलीला असा मामा नसतो. गुण तिचे अधिक असतील, अक्षर आणि आकडा तिचा स्वच्छ असेल. तरी ‘अनुभव’ या रकान्यात तिला रेघ ओढावी लागते. ती रेघ तिच्या कर्तृत्वाची नसून जन्माची आहे. लोकशाहीत हे चालू द्यावयाचे काय?

उपायासाठी नवा कायदा करण्याचेही कारण नाही. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ सालचाच आहे. २०१४ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीखेरीज अन्य शाखांच्या पदवीधरांनाही त्याचे दार उघडले. २०१९ च्या नियमांनुसार तीस वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने आपल्या संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले, चार ते एकोणतीस माणसे असतील तर ते ऐच्छिक ठेवले, आणि पदवीधरासाठी महिना किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरवले गेले. गोव्यातील बहुसंख्य दुकाने आणि कचेऱ्या लहान. त्या बंधनाबाहेरच राहतात. तेव्हा सरकारने आधी आपल्या घरापासून सुरुवात करावी. राज्यात १९१ ग्रामपंचायती आहेत. प्रत्येकीला हिशेब ठेवावे लागतात आणि त्यांची तपासणी करून घ्यावी लागते. प्रत्येक पंचायतीने एक वर्षासाठी एक वाणिज्य पदवीधर शिकाऊ म्हणून घेतला तर ९,००० रुपयांच्या दराने वर्षाचा खर्च २ कोटी ६ लाख २८ हजार रुपये येतो. राज्याच्या तिजोरीला ही रक्कम जड नाही. त्यात सहकारी पतसंस्था, देवस्थाने आणि कोमुनिदाद यांची भर पडली तर दरवर्षी कित्येक मुलांच्या अर्जावरील तो रिकामा रकाना भरेल, आणि गावच्या पैशाचे हिशेबही वेळेवर लिहिले जातील. मात्र शिकाऊ माणसावर जाणत्याची देखरेख हवी, वर्षाअखेर त्याने काय काम केले याचा तपशीलवार दाखला हवा, आणि नियमित जागा रिकामी ठेवून तिथे दरसाल स्वस्तातला नवा शिकाऊ बसवण्याची पळवाट बंद हवी.

‘पगार मागू नका, अनुभव मिळतो आहे ना!’ असे म्हणून सहा-सहा महिने फुकट राबवून घेणाऱ्यांविषयीही बोलले पाहिजे. ही उमेदवारी नव्हे, वेठ आहे. त्याहून वाईट म्हणजे अनुभवाचा खोटा दाखला मिळवण्याचा मोह. निरुपाय माणसाला कोठवर नेतो हे आम्ही जाणतो. तरीही सांगतो, ज्याचा धंदाच खरे आकडे लिहिण्याचा आहे, त्याने आपल्या आयुष्यातील पहिलीच नोंद खोटी करू नये.

तरुणांनी तोवर हातावर हात ठेवून बसावे असे आम्ही म्हणणार नाही. वहीचा अनुभव नोकरीतच मिळतो असे नाही. गावचे वाचनालय, भजनी मंडळ, क्रीडा मंडळ, गृहनिर्माण संस्था, शेजारचे किराणा दुकान, या सर्वांना हिशेब असतात आणि ते लिहावयास माणूस नसतो. एका संस्थेचे एक वर्षाचे हिशेब पावतीपासून ताळेबंदापर्यंत स्वतः लिहावेत, दर महिन्याला बँकेशी ताळा करून पाहावा, आणि अर्जात तसे स्पष्ट नमूद करावे. मुलाखतीत ‘मी मेहनती आहे’ या वाक्यापेक्षा ‘तेरीज तीनशे रुपयांनी जुळत नव्हती, ती चूक मी अशी शोधली’ हे वाक्य अधिक वजनदार ठरते. हॉटेलातील रात्रीच्या हिशेबतपासणीचे काम, कोठाराची नोंदवही, गल्ल्यावरची खुर्ची, या जागांना कमी लेखू नये. रात्री सगळ्या खोल्यांची आणि उपाहारगृहाची बिले ताडून दिवस बंद करणारा मुलगा वर्षभरात जे शिकतो, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

परंतु शेवटचा शब्द आम्हांस मालकांशी बोलावयाचा आहे. आज जो अनुभवी म्हणून आपणांस हवा आहे, त्यालाही कोणीतरी एके दिवशी काहीच येत नसताना खुर्ची दिली होती, त्याच्या चुका खोडून दुरुस्त केल्या होत्या. ती रक्कम समाजाने आपल्या नावे टाकलेली आहे. एका तरी नवख्याला जवळ बसवून शिकवल्याखेरीज ती जमेस येणार नाही. पुढची जाहिरात देताना ‘अनुभव किमान दोन वर्षे’ या ओळीऐवजी ‘नवख्यांनीही अर्ज करावा’ एवढे तीन शब्द छापून पाहावेत. शंभर भाषणांपेक्षा त्यांचा उपयोग अधिक होईल.