पर्यावरणस्नेही घराची सुरुवात परसबागेपासून

घर पर्यावरणस्नेही करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे परसबाग. ओला कचरा, न्हाणीचे सांडपाणी आणि छपरावरचा पाऊस या तिन्ही गोष्टी तिथे कामी येतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, कोंभाळणे गावी, राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांची परसबाग फुलवली आणि घरीच बियाणे बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

खताच्या खड्ड्यात भाजीची देठे-साली टाकल्यावर दरवेळी वर सुक्या पाल्याचा थर द्यावा. दुर्गंधी येते ती ओल साचून हवा न मिळाल्यामुळे. पाला नेमके तेच टाळतो. न्हाणीचे पाणी केळी-अळूकडे वळवावे. पावसाच्या पाण्याचा हिशेबही सोपा आहे: एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. १०० चौरस मीटरच्या छपरावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५०,००० लिटर पाणी होते. दुष्काळी भागात ते गटारात जाऊ देणे परवडणारे नाही.

खरे मोल मात्र बियाण्याचे. संकरित वाणाचे गुण पुढच्या पिढीत जसेच्या तसे उतरत नाहीत, म्हणून ते बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. गावठी वाल, घेवडा, दोडका यांचे बी घरीच धरता येते. निरोगी, जोमदार वेलीवरची शेंग वेलीवरच वाळू द्यावी, बी सावलीत सुकवावे, राखेत घोळून मडक्यात ठेवावे. राख ओल शोषते आणि किडीला अटकाव करते.

यंदा मृगाआधी ओळखीच्या शेतकऱ्याकडून मूठभर गावठी बी जरूर मागून आणा.