धावपळीच्या घरात सगळ्यांचा व्यायाम



विषय सांगायला संयोजक घरी आले तेव्हा मी म्हटलं, व्यायामावर डॉक्टरांना बोलवा, क्रीडाशिक्षकांना बोलवा, तत्त्वज्ञानाच्या मास्तराला कशाला? ते म्हणाले, सर, तीस वर्षं तुम्ही पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर दिसता, तुम्हीच बोला. म्हणजे माझी पात्रता एवढीच, की मी फिरतो. तर त्या फिरण्याबद्दलच आज थोडं खरं बोलतो.

वर्गात कांट शिकवताना मुलांना जागं ठेवायला मी एक गोष्ट सांगायचो. इमॅन्युएल कांट हा जर्मन तत्त्वज्ञ रोज ठरल्या वेळी फिरायला निघायचा. इतका ठरल्या वेळी, की गावातले लोक म्हणे त्याच्यावरून घड्याळ लावायचे. हाइने नावाच्या कवीने हे रंगवून लिहिलंय. त्याच वर्णनात एक म्हातारा नोकर आहे, लाम्पे. आभाळ भरून आलं की काखेत छत्री घेऊन तो मालकाच्या मागे मागे चालायचा. पहाटे पाचला मालकाला उठवायचं कामही त्याचंच. मुलं घड्याळाला हसायची. लाम्पेकडे लक्ष गेलं नाही, मुलांचं नाही आणि माझंही नाही.

आमच्या घरात आम्ही सहा जण. मी, आमची ही, मुलगा बँकेत, सून शाळेत शिक्षिका, आणि दोन नातवंडं, एक आठवीत, एक पाचवीत. सकाळी चार डबे निघतात. माझं फिरणं साडेपाच ते साडेसहा, घरी आलो की चहा तयार. हिला साठाव्या वर्षी साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास चाला. ती चालली नाही. आणि मी, आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलेला माणूस, तिला काय म्हणायचो? "आळस सोड. इच्छा असली की वेळ मिळतो." वर्षानुवर्षं हेच.

दोन वर्षांपूर्वी ती न्हाणीघरात घसरली आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. चहा, दूध तापवणं, नळ आला की पाणी भरणं, भाजी निवडणं, कणीक मळणं, सून एकटी किती करणार? यातलं निम्मं माझ्याकडे आलं. त्या सहा आठवड्यांत मी फिरायला गेलो तीन वेळा. मोजून तीन. इच्छा भरपूर होती! एकदा पोळ्या लाटता लाटता सून म्हणाली, "बाबा, आईंचं फिरणं का होत नव्हतं, कळलं का आता?" रागाने नाही, सहज म्हणाली. मला उत्तर देता आलं नाही.

हे माझ्या एकट्याच्या घरातलं नाही. केंद्र सरकारने २०१९ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली होती, कोण दिवसभरात किती वेळ काय करतं याची. घरकाम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो. म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटं, आणि असे पुरुष शंभरात २६. तेव्हा आपण "आमच्या घराला वेळ नाही" म्हणतो ते वाक्यच चुकीचं आहे. घराला वेळ नसतो असं काही नसतं. कोणाला असतो, कोणाला नसतो.

मागे एका ठिकाणी हे बोललो तर एक गृहस्थ म्हणाले, "सर, बाया दिवसभर राबतेतच की. त्यांना कामून लागतो व्यायाम?" (हशा) हसू नका, प्रश्न चांगला आहे. घरकामाने शरीर हलतं, जागतिक आरोग्य संघटनाही ते हिशेबात धरते. केर काढणं, फरशी पुसणं, पाणी वाहून आणणं ही मेहनतच. पण ओट्यापाशी दोन तास उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे. त्यात पाय दुखतात, दम मात्र लागत नाही. २०२४ मध्ये लॅन्सेट समूहाच्या एका नियतकालिकात जगभराची आकडेवारी आली. भारतातले निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुष ४२ टक्के, बायका ५७ टक्के. ही मोजणी घरकाम धरून आहे, बरं का. म्हणजे जी जास्त राबते तीच शरीराच्या हिशेबात मागे पडते. थकणं वेगळं आणि तंदुरुस्त होणं वेगळं, एवढं यातून घ्या.

किती हालचाल पुरे, तेही सांगून टाकतो. मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं, थोडा दम लागेल अशी. पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं. पासष्टीच्या पुढच्यांनी याशिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळायचे आणि ताकदीचे व्यायाम करावेत, पडू नये म्हणून. पूर्वी सांगायचे की सलग दहा मिनिटं झाली तरच मोजायची. २०२० च्या मार्गदर्शनात ती अट काढली. धावपळीच्या घराला ही फार मोठी सवलत आहे. पाच-पाच मिनिटंही चालतात.

आता सगळ्या घराने मिळून व्यायाम करायचा, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. आपलं औंढा नागनाथ नव्हे हो, सातारा जिल्ह्यातलं औंध. त्यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला होता. १९२८ मध्ये पुस्तक लिहिलं, संस्थानातल्या शाळांत नमस्कार सुरू केले, १९३८ मध्ये लंडनहून इंग्रजी पुस्तक निघालं. पण त्यांचं मला आवडतं ते हे, की नुसता हुकूम काढून ते थांबले नाहीत. स्वतः घालायचे, राणीसाहेबही घालायच्या, मुलंही घालायची. घराचा रिवाजच तो. फक्त राजवाड्यात आचारी होते, हे विसरू नका. आपल्याकडे आचारी नाही. म्हणून आपल्याला नमस्काराच्या आधी चहाचं बघावं लागतं.

आमच्याकडे तसंच झालं. प्लास्टर निघालं तरी सकाळचा चहा आणि दूध माझ्याकडेच राहिलं. पहिले काही दिवस ही ओट्यापाशी येऊन उभी राहायची, मी साखर किती टाकतो ते बघायला. भाजी रात्रीच चिरून ठेवतो, ते काम मुलगा आणि नातवंडांचं. यातून सकाळची वीस-पंचवीस मिनिटं सुटली. ती हिची. त्यात ती फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम करते. ओट्याची कड धरून एका पायावर उभं राहणं, खुर्चीवरून हात न टेकवता दहादा उठणं-बसणं. साधं दिसतं. घरी गेल्यावर साठीच्या पुढच्यांनी करून बघा, कुणीतरी शेजारी उभं असताना.

दुसरी गोष्ट शतपावली. मुलगा आठला येतो, ट्यूशन आठला सुटते, साडेआठला जेवण. सव्वानऊला सहाही जण बाहेर, पंधरा-वीस मिनिटं. परभणीच्या मे महिन्यात दुपारी कोण बाहेर पडतं? रात्रीच जरा वारा असतो. आणि जेवणानंतर चालण्याला आधारही आहे. २०१३ साली अमेरिकेत साठीपुढच्या, साखरेचा धोका असलेल्या लोकांवर एक प्रयोग झाला. एकदाच ४५ मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर १५ मिनिटं चालल्याने रात्रीच्या जेवणानंतरची साखर अधिक चांगली आटोक्यात राहिली. माणसं फक्त दहाच होती, त्यामुळे फार ताणू नका. पण आपल्या आजीने सांगितलेलं ते अगदीच वाया नव्हतं.

मिळून जाण्याचा खरा फायदा मात्र मला नंतर कळला. आमच्या गल्लीच्या टोकाला दिवा नसतो, कुत्री असतात. मी एकटा काठी घेऊन कधीही निघायचो. सून म्हणते, लग्नानंतर रात्री नऊला रस्त्यावर नुसतं चालायला म्हणून ती पहिल्यांदा या शतपावलीतच निघाली. तेरा वर्षाच्या नातीला तर एकटीला कोणी सोडत नाही. सहा जण असलो की हा प्रश्नच येत नाही. आता शेजारच्या दोन बायका आमच्या फाटकापाशी येऊन थांबतात.

फसलेलंही सांगतो. मोबाइलवर पावलं मोजायची स्पर्धा लावली. पाचवीतले चिरंजीव पलंगावर बसून फोन हलवताना सापडले, आणि आजी रोज शेवटची यायची म्हणून तिने फोनच घ्यायचं सोडलं. स्पर्धा बंद केली. पहाटे सगळ्यांनी उठायचं हेही आठ दिवस टिकलं. मुलांचा तास शतपावलीत भरत नाही, म्हणून ट्यूशनला स्कूटरवर सोडणं बंद केलं. दोघं सायकलने जातात, आणि रविवारी विद्यापीठात लगोरी. मीही खेळतो, नेम चुकतो.

हिची साखर पूर्ण ताब्यात आली, असं मी सांगणार नाही. गोळ्या चालू आहेत. पूर्वी जिना चढताना मध्ये थांबायची, आता थांबत नाही. ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी चालणं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम उतरू शकते. आणि रात्री स्लिपरवर जाऊ नका, मागून पट्टा असलेलं काहीतरी घाला.

प्रश्न असतील तर विचारा. फक्त नऊपर्यंत मला सोडा, घरची मंडळी फाटकात वाट बघतात.